मराठीत पूर्णविराम कुणी आणला?

मित्राचा धाकटा भाऊ यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देतोय. गेल्या महिन्यात त्यानं मला त्याच्या सरावाच्या उत्तरांचे फोटो पाठवले. दीडशे शब्दांची पाच उत्तरं, अडीचशे शब्दांची चार. खाली एक ओळ : "दादा, मुद्दे सगळे माहीत असतात, पण कागदावर नीट उतरत नाहीत. जरा बघशील का?" आता मी दिवसभर कोड बडवणारा माणूस. पण आमच्या ग्रुपमध्ये मराठी पुस्तकं विकत घेऊन वाचणारा मीच एकटा उरलोय, त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात.

उत्तरं वाईट नव्हती. पोरानं अभ्यास केलेला दिसत होता. पण सहकारी चळवळीवरच्या उत्तराची सुरुवात अशी होती :

"महाराष्ट्रातील सहकारी चळवळीच्या विकासामध्ये ग्रामीण भागातील शेतकऱ्यांच्या आर्थिक परिस्थितीत सुधारणा घडवून आणण्याच्या दृष्टीने करण्यात आलेल्या विविध प्रयत्नांचा महत्त्वाचा वाटा असल्याचे दिसून येते."

एका दमात वाचून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे वाचणाऱ्यानं 'महाराष्ट्रातील'पासून 'वाटा'पर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवायचं आणि 'दिसून येते' आलं की मग सोडवत बसायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकावर एक एकोणीस गोष्टी स्टॅकवर टाकल्या आणि शेवटी एकदाच पॉप केल्या. आणि एवढं करून हाताला काय लागलं? काहीच नाही. कोणी प्रयत्न केले, कधी केले, कसले केले, कुणाला दिसून आलं, यातलं एकही उत्तर त्या वाक्यात नाही.

असं आपण सगळेच लिहितो म्हणा. सरकारी परिपत्रक, सोसायटीची नोटीस, विद्यापीठातला प्रबंध, काहीही उघडा. आपल्यापैकी बहुतेकांची हापिसातली मेलं इंग्रजीत असतात म्हणून झाकली मूठ राहते इतकंच. पण हे येतं कुठून? बोलताना तर कुणी असं बोलत नाही. हा किडा डोक्यात शिरला आणि पुढचे दोन वीकांत मी एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईत काढले. तिथं जे सापडलं त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात मोडीपासून करायला हवी. पेशवाईतला कारकून कागदावर आधी आडवी रेघ मारायचा आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. लेखणी शक्यतो उचलायची नाही. दोन शब्दांमध्ये जागा नाही. वाक्य संपल्याची खूण नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एकच इकार आणि एकच उकार. हे वाचून आपल्याला वाटतं, काय गोंधळ असेल! तर तसा काही नव्हता, कारण पत्र लिहिणारा आणि वाचणारा दोघंही त्याच व्यवहारातले असायचे. कुठल्या परगण्याचा वसूल, कुठल्या किल्ल्याची रसद, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं. शिवाय पत्र बहुधा मोठ्यानं वाचून दाखवलं जायचं. कुठं थांबायचं ते वाचणाऱ्याचा आवाज ठरवायचा.

शिक्षणाचंही तसंच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, पाढे आणि उजळणी तोंडपाठ म्हणायची. पुण्यात श्रावणात दक्षिणेसाठी शास्त्रीमंडळी जमायची, त्यांची विद्वत्ता पारखायची तीही तोंडीच. ज्यानं परीक्षा घेतली तो समोर बसलेला. नाही समजलं तर तो लगेच विचारू शकायचा. परीक्षेत मराठी गद्य 'लिहिणं' नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती.

ही व्यवस्था इंग्रजांच्या काळात मोडली. १८१८ला पेशवाई गेली, १८२१ला पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत सरकारी शाळा, छापील पुस्तकं, वर्तमानपत्रं असं सगळं येत गेलं. छापील पुस्तक हा नवा प्रकार होता. मुंबईत बसलेला लेखक सोलापूरच्या एका पोरासाठी लिहिणार, त्या पोराला लेखक कधी भेटणार नाही, आणि त्या पोरानं जे लिहिलं ते तपासणारा तिसरा कुणीतरी, तिसऱ्याच गावचा. आता आवाजाचा आधार गेला. जे काही सांगायचं ते कागदावरच सांगायला पाहिजे.

आणि इथं आपल्या गोष्टीत मेजर थॉमस कँडी येतो. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्या कामात थॉमस आणि जॉर्ज हे दोघे कँडी बंधू होते. पुढे थॉमस कँडी पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख झाला आणि मग सरकारचा मराठी भाषांतरकार. शाळेसाठी छापलं जाणारं मराठी पुस्तक बहुतेक त्याच्या नजरेखालून जायचं. ह्या कँडीनं 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं एक छोटं पुस्तक १८५० साली काढलं. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हे सगळं मराठीत रूढ झालं ते त्याच्या खटाटोपामुळे. आपण शाळेत 'विरामचिन्हे ओळखा'मध्ये दोन मार्क मिळवले त्याचं श्रेय ह्या गोऱ्या मेजरला.

मला यातला विरामचिन्हांचा भाग फार गमतीदार वाटला. पोथ्यांत दंड होताच की, श्लोकाच्या शेवटी उभी रेघ. पण तो दंड मुख्यतः पद्याचा. तो छंद ठरवतो, श्लोक संपला की दंड येणार. गद्यातला पूर्णविराम लिहिणाऱ्यानं स्वतः ठरवायचा असतो. माझं एक म्हणणं इथं संपलं, आता दुसरं सुरू, हे सांगायला आधी आपलं म्हणणं काय आहे ते माहीत असावं लागतं. टिंब काढायला लागते क्षणभर, पण त्याच्याआधीचा विचार पुरा व्हावा लागतो.

कँडी एकटा नव्हता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं, तेव्हा दादोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. (बावीसाव्या वर्षी आम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी टाय कसा बांधायचा ते शिकत होतो. असो.) ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होतं, म्हणून पुढच्या लोकांनी त्याच्यावर टीकाही केली. पण शाळेतल्या पोरांना आपल्याच भाषेकडे बाहेरून बघण्याची सोय त्यानं करून दिली. हे नाम, हे क्रियापद, हा कर्ता.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं पुस्तक मात्र वेगळंच आहे आणि ते ज्या माणसाचं आहे त्याची आठवण आपण वेगळ्याच कारणासाठी काढतो. गोपाळ गणेश आगरकर. 'सुधारक', विवेकवाद, टिळकांशी भांडण, डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण ह्याच आगरकरांनी १८८८ साली, म्हणजे ज्या वर्षी 'सुधारक' सुरू केला त्याच वर्षी, 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' नावाचं पुस्तक लिहिलं. विषय काय, तर वाक्य फोडायचं कसं. उद्देश्य कुठलं, विधेय कुठलं, कोण कुणाला चिकटलंय. समाजाची झाडाझडती घेणारा माणूस त्याच वर्षी वाक्याची झाडाझडती घेत बसला होता. मला ह्या दोन गोष्टी एकाच स्वभावाच्या वाटतात. जो वाक्य फोडून 'कर्ता कोण?' असं विचारतो, तो रूढीबद्दलही विचारणारच की हे नेमकं ठरवलं कुणी.

मग मी मित्राच्या भावाचं वाक्य आगरकरी पद्धतीनं फोडून बघितलं. क्रियापद 'दिसून येते'. काय दिसून येते? वाटा असल्याचे. कशाचा वाटा? प्रयत्नांचा. कुणाचे प्रयत्न? उत्तर नाही. 'करण्यात आलेल्या' ह्या शब्दांनी कर्त्याला गुपचूप मागच्या दारानं बाहेर काढलंय. आता पूर्णविराम देत देत तेच लिहायला घेतलं :

"शेतकऱ्यांनी भांडवल एकत्र केलं तर त्यांना कारखान्याचे मालक होता येईल, असा विचार विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी मांडला. १९५० साली प्रवरेच्या काठी असा साखर कारखाना उभा राहिला. तिथे ऊस पिकवणारा आणि कारखान्याचा भागधारक एकच होता."

शब्द साधारण दीडपट झाले हे खरं, पण आता प्रत्येक वाक्याला जाब विचारता येतो. हे खरं आहे का? साल बरोबर आहे का? तपासणाऱ्याला मार्क द्यायलाही काहीतरी सापडतं. पहिल्या वाक्याला जाबच विचारता येत नव्हता. मला वाटतं तसली वाक्यं आपल्या हातून होतात त्याचं कारण हेच आहे. ती सुरक्षित असतात. पूर्णविराम लांबवला की चूक पकडली जायचा प्रसंगही लांबतो. पोराला लिहिताना माहिती होतीच, मी फोनवर विचारलं तर विखे पाटील, गाडगीळ, १९५० सगळं त्यानं धडाधड सांगितलं. पण परीक्षेत असं 'साधं' लिहायचं नसतं अशी त्याची ठाम समजूत होती.

ही समजूत कुठून आली? हा ह्या गोष्टीचा दुसरा, जरा कडू भाग.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, पहिली मॅट्रिक १८५९ला झाली. १८६२च्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. सुरुवातीला परीक्षेत मराठीला जागा होती. पण १८६०च्या दशकातच वरच्या परीक्षांमधून देशी भाषा काढून टाकल्या. का, तर त्यांच्यात पुरेसं वाङ्मय नाही. त्याऐवजी संस्कृत किंवा तसली अभिजात भाषा घ्या. रानडे पुढे कित्येक वर्षं यासाठी विद्यापीठात भांडत राहिले. मराठीत वाङ्मय आहे हो, हे दाखवायला त्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिलं. मराठीबद्दल इंग्रजीत, कारण ठरवणारे इंग्रजी वाचणारे! १९०१ साली रानडे गेले. त्याच सुमारास एम.ए.ला मराठीला पुन्हा प्रवेश मिळाला.

म्हणजे हिशोब करा. साधारण चाळीस वर्षं महाराष्ट्रातल्या सगळ्यात हुशार पोरांनी इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान यावरची उत्तरं इंग्रजीत लिहिली. विचार मांडायचा, मुद्दा सिद्ध करायचा, आक्षेप खोडायचा हे सगळं इंग्रजीत शिकायचं. मराठी घरात आणि बाजारात. मग हीच मंडळी मराठीत लिहायला बसली की इंग्रजी वाक्याचा सांगाडा घ्यायची आणि त्यावर संस्कृत शब्दांचं मांस चढवायची. सरकारी भाषांतरांनी त्यात भर घातली. आपल्या त्या 'असल्याचे दिसून येते'चा वंशवृक्ष शोधायचा तर इथंच कुठंतरी मूळ सापडेल.

हे पहिल्यांदा चव्हाट्यावर आणलं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. जानेवारी १८७४मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सरकारी शाळेतली मास्तरकी करता करता त्यांनी 'निबंधमाला' नावाचं मासिक सुरू केलं. एकटा माणूस, दर महिन्याला निबंध. एकूण ८४ अंक काढले. १८८२च्या मार्चमध्ये एकतिसाव्या वर्षी वारलेसुद्धा. (माझ्या मते मराठीतला पहिला ब्लॉगर. एकहाती, नियमित, भांडकुदळ आणि स्वतःविषयी बऱ्यापैकी भारी मत असलेला. स्वतःला ते मराठी भाषेचे शिवाजी म्हणवून घेत.) मालेतला पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर होता. पुढे 'भाषापद्धति', 'भाषादूषण', 'लेखनशुद्धि' असे निबंध आले. शिकलेले लोक मराठी कसं लिहितात, इंग्रजीतून उचललेली वाक्यरचना कशी भाषा बिघडवते, शालेय पुस्तकांतली भाषा किती बेचव, ह्यावर त्यांनी कोरडे ओढले. कँडीही त्यातून सुटला नाही.

चिपळूणकर आज वाचायला घेतले तर दमायला होतं हे कबूल करायला हवं. मेकॉले आणि डॉ. जॉन्सन हे त्यांचे आवडते, त्यामुळे त्यांची वाक्यं चांगली लांब असतात. पण ती लांबी वेगळी आहे. एकेक कलम पुढे सरकतं, मध्ये टोमणा, मध्ये उपहास, आणि शेवटी क्रियापद आलं की फटका बसतो. मुख्य म्हणजे प्रत्येक निबंधात हा माणूस कुठल्या बाजूला उभा आहे ते दहा ओळींत कळतं. मराठीत वादाचं गद्य कसं लिहायचं ते त्यांनी करून दाखवलं. टिळक-आगरकरांची पिढी त्यावरच वाढली, १८८०च्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि १८८१च्या 'केसरी'त ते सगळे एकत्रच होते.

पण पुढं काय झालं बघा. आज कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात 'निबंधमाला' मागा. दुकानदार तुम्हाला चिपळूणकर देणार नाही. तो देईल दहावी-बारावीचं गाईड, आत 'पावसाळ्यातील एक दिवस', 'नदीचे मनोगत', 'विज्ञान : शाप की वरदान'. ज्या नावानं तेविशीतला एक मास्तर दर महिन्याला कुणाशीतरी भांडण उकरून काढत होता, त्याच नावाखाली आता कुणाशीच भांडायला लागू नये असे तयार निबंध विकले जातात. विज्ञान शापही आहे आणि वरदानही आहे, शेवटी सगळं माणसाच्या हातात आहे. दहापैकी सात.

चिपळूणकरांचं इतकं कौतुक केल्यावर त्यांची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, कारण परीक्षेच्या भाषेचा प्रश्न तिथंच खरा टोकदार होतो. जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली आलं. चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांवर लिहिलं ते प्रचंड तुच्छतेनं. त्यातला मोठा भाग फुल्यांच्या व्याकरणावर, शुद्धलेखनावर, भाषेच्या ओबडधोबडपणावर. फुले काय म्हणतात, त्यातलं खरं किती, खोटं किती, हा वाद घालता आला असता. तसा वाद घालण्याची ताकद चिपळूणकरांइतकी त्या काळात कुणाकडे नव्हती. पण त्यांनी लाल पेन काढलं.

आता ऱ्हस्व-दीर्घाचं गणित जरा तपासा. मोडीत हा भेदच नव्हता. मराठी बोलताना आपण तो धड पाळत नाही. तो कुणाला आपसूक यायचा? ज्याच्या घरी संस्कृत होतं, पोथ्या होत्या, त्याला. तीच गोष्ट अनुस्वारांची. जुनी पुस्तकं बघा, 'नांव', 'कांहीं', 'घरांत', 'केलें', 'पाहिलें'. टिंबांचा नुसता सडा. त्यातली कित्येक टिंबं कुणाच्याही उच्चारात नव्हती, व्युत्पत्ती दाखवायला दिलेली असायची. म्हणजे एखाद्या शब्दाचं मूळ रूप काय होतं ते माहीत असेल तर टिंब बरोबर पडणार. पाठ करून करून किती पिढ्यांनी मार्क घालवले असतील त्या टिंबांपायी! शेवटी मराठी साहित्य महामंडळानं नियम केले, १९६२ साली सरकारनं त्यातले चौदा मान्य केले, १९७२ला आणखी चार आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात गेले. आणि मराठी कुठंही अडली नाही. एकही वाक्य त्यामुळे कळेनासं झालं नाही. जी गोष्ट काढून टाकली तरी वाचणाऱ्याला फरक पडत नाही, तिच्यावरून शंभर वर्षं 'ह्याला लिहिता येतं' आणि 'ह्याला येत नाही' असं ठरवलं जात होतं.

पूर्णविरामाचं तसं नाही. तो काढून बघा, मजकूर कोसळतो. दोन्ही गोष्टी शाळेत 'शुद्धलेखन' ह्या एकाच खात्यात टाकल्या जातात आणि मार्कही एकाच रकान्यात कापतात, हे मला फार खटकतं. नियम पाळू नका असं मी म्हणत नाही. आज परीक्षेला बसायचं तर ते अठरा नियम पाठ करा, दोन वीकांतात होतात. पण त्यांना लिहिता येणं समजू नका.

फुल्यांनी स्वतः ह्यावर काय केलं तेही सांगतो. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. १८७८च्या पहिल्या सभेमागेही रानडे होतेच. रानड्यांनी फुल्यांना आमंत्रण दिलं. फुल्यांनी पत्र पाठवून नकार कळवला. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या दुःखाचा मेळ लागत नाही त्यांच्या सभेत आम्ही येऊन काय करू, असा त्या नकाराचा मतलब होता. पत्राच्या भाषेत खटकणाऱ्या जागा काढायच्या तर आजही काढता येतील. पण त्यांना नेमकं काय म्हणायचंय याबद्दल कुणाला शंका आल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि आता मुक्ता. खरं तर हे सगळं वाचताना मला ज्या निबंधापाशी थांबावंसं वाटलं तो चिपळूणकरांचा नाही. तो शाळेतल्या एका मुलीचा आहे आणि निबंधमालेच्या एकोणीस वर्षं आधीचा आहे.

फुल्यांनी पुण्यात मुलींसाठी आणि महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या त्या १८४८पासून पुढं. ह्या शाळांच्या परीक्षा जाहीर व्हायच्या, बघायला गर्दी जमायची. १८५२ साली विश्रामबागवाड्यात फुल्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला तो मेजर कँडीच्या हस्ते, तोच आपला पूर्णविरामवाला कँडी. पुण्याच्या वेताळ पेठेतल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ला. शाळेत जायला मिळालेली तिच्या घराण्यातली बहुधा ती पहिलीच पिढी असणार. चिपळूणकर तेव्हा पाच वर्षांचेही नव्हते.

ह्या निबंधाची रचना बघण्यासारखी आहे. परीक्षेच्या तयारीला लागलेल्या कुणीही बघावी. ती दुःखाच्या वर्णनात शिरण्याआधी प्रश्न विचारते. वेद फक्त ब्राह्मणांचे, आम्ही ते पाहायचेसुद्धा नाहीत असं म्हणता ना? ठीक आहे. मग आमचं धर्मपुस्तक कुठलं? नाहीच म्हणता? मग आम्ही धर्माशिवायचे ठरलो. समोरच्याचंच म्हणणं घ्यायचं, ते शेवटपर्यंत ओढायचं आणि ते कुठं जाऊन पोचतं ते त्यालाच दाखवायचं. गणितात आपण जे 'समजा असं आहे' म्हणून सुरू करतो आणि शेवटी विसंगती दाखवतो, तेच.

मग पुरावा. आणि पुराव्यात एकही गुळमुळीत वाक्य नाही. पेशवाईत तालीमखान्यापुढून महार-मांग गेला तर त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारींचा दांडू करून मैदानात खेळत, असं ती लिहिते. इमारतींच्या पायात माणसं पुरत, असं लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसणं म्हणजे काय, थंडीवाऱ्यात तिचं काय होत असेल, हे लिहिते. 'आर्थिक व सामाजिक परिस्थिती अत्यंत प्रतिकूल असल्याचे दिसून येते' हे वाक्य तिला सुचलंही नसतं. प्रत्येक ठिकाणी कर्ता आहे. कुणी केलं, कुणाला केलं, कुठं केलं. आगरकरांचं पुस्तक यायला अजून तेहेतीस वर्षं होती, पण पृथक्करणाला बसलं तर एकही वाक्य पोकळ निघत नाही. आणि शेवटाकडे ती आपल्याच लोकांकडे वळते आणि त्यांना शिकायला सांगते.

मी हा निबंध मित्राच्या भावाला पाठवला. त्याचा पहिला प्रश्न, "पण दादा, परीक्षेत एवढं थेट लिहिलेलं चालतं का?" मी म्हटलं, तिचं चाललं. छापूनही आलं. तो हसला. मग आम्ही त्याच्या उरलेल्या आठ उत्तरांतले 'दिसून येते', 'करण्यात आले', 'दृष्टीने' आणि 'महत्त्वाचा वाटा' पेन्सिलीनं गोल केले. सत्तेचाळीस निघाले. प्रत्येक गोलापाशी त्यानं समासात लिहायचं ठरलं, 'कोण?' किंवा 'कधी?' ज्यांची उत्तरं त्याला माहीत होती ती वाक्यं तुकडे करून पुन्हा लिहिली. ज्यांची माहीत नव्हती ती खोडली. दोन उत्तरं अर्धीच उरली, ती आता तो पुन्हा अभ्यासून लिहिणार आहे.

मुक्ताचं दुसरं काही लेखन मिळत नाही, तो एकच निबंध. जालावर शोधलात तर सहज सापडेल. छोटा आहे, चहा गार व्हायच्या आत वाचून होतो, पण जुन्या वळणाची भाषा असल्यानं पहिला परिच्छेद दोनदा वाचावा लागेल.